पोटमाळ्याची खोली, पुनर्विकासातला फ्लॅट की गिरणीतला गाळा?

लालबाग, परळ, गिरगाव, माझगाव या भागात घर शोधायला निघालात की साधारण तीन तऱ्हेच्या जागा समोर येतात. चाळीतली पागडीची खोली, वर पोटमाळा काढलेला. जुन्या इमारतीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधला फ्लॅट. आणि अलीकडे, जुन्या गिरणीच्या आवारातला किंवा इंडस्ट्रियल इस्टेटमधला उंच छताचा गाळा, 'लॉफ्ट' म्हणून सांगितलेला. तिन्हींच्या किमती एका कागदावर मांडून चौरस फुटाचा दर काढणं हीच पहिली चूक. पागडीत तुम्ही भाडेकरूचा हक्क घेता, फ्लॅटमध्ये मालकी, गाळ्यात व्यवसायाची जागा. दर फुटाला निघतो, पण विकत घेतलेली वस्तू तिन्हीकडे वेगळी असते.

सुरुवात टेपने करा. जमिनीपासून छतापर्यंत किती? जुन्या चाळीत ११ ते १२ फूट सहज मिळतात, क्वचित १४. नव्या इमारतीत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे ९ फूट, आणि बहुतेक बिल्डर त्याच्या फार वर जात नाहीत. माळ्याखाली ताठ उभं राहायचं तर ७ फूट ३ इंच मोकळे हवेत, माळ्याची जाडी ५ इंच धरा. मग १२ फुटांच्या खोलीत वर ४ फूट ४ इंच उरतात: गादीवर बसता येतं, उभं राहता येत नाही. ११ फुटांत ३ फूट ४ इंच, म्हणजे झोपायला रांगत जायचं. खाली आणि वर दोन्हीकडे वावरायचं असेल तर १४ फूट लागतात. ९ फुटांच्या फ्लॅटमध्ये माळा निघतो तो बॅगा आणि गणपतीची मखर ठेवण्यापुरता.

दुसरं, पोटमाळा कागदावर खोली नाही. बांधकाम नियमावलीत माळा म्हणजे सामान ठेवायची जागा, उंची जास्तीत जास्त दीड मीटर. एजंट जेव्हा '१८० फूट खाली, १०० फूट वर, एकूण २८०' असं सांगतो, तेव्हा वरच्या १०० फुटांचे पैसे देण्याआधी विचारा की ते पालिकेच्या नोंदीत कुठे आहेत. राहत्या बांधकामांसाठी १७ एप्रिल १९६४ ही पालिकेची जुनी मर्यादा-तारीख आहे. त्याआधीपासून माळा असल्याचा पुरावा असेल तर बोलण्यात काही अर्थ. नाहीतर पुनर्विकासात क्षेत्रफळ मोजताना तो धरला जाईल या भरवशावर एक रुपयाही जास्त देऊ नका.

पागडीची खोली

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि पागडीची देवघेव कायदेशीर ठरली. भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढू शकतं, पण मुळात ते इतकं कमी असतं की महिन्याचा खर्च नगण्य. खरा खर्च हस्तांतराचा. घरमालक प्रथेप्रमाणे विक्रीच्या रकमेचा साधारण तिसरा हिस्सा घेतो. तो वाचवायला मालकाला न सांगता केलेला व्यवहार हे खोली खाली करायला लावण्याचं थेट कारण होतं, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका. शेवटचा हप्ता तुमच्या नावाची भाडेपावती हातात पडल्यावरच द्या. करार नोंदवा, त्यावर मुद्रांक शुल्कही भरावं लागतं. बँका पागडीवर गृहकर्ज सहसा देत नाहीत, कारण तारण ठेवायला मालकी नसते. सगळी रक्कम हाताशी हवी.

जुन्या पावत्यांची साखळी १३ जून १९९६ च्या आधीपर्यंत मागे जाते का ते बघा. उपकरप्राप्त इमारतीच्या (जिच्यासाठी दुरुस्तीचा उपकर भरला जातो अशा) पुनर्विकासात त्या तारखेनंतर नव्याने निर्माण केलेले भाडेहक्क धरत नाहीत. एकाच खोलीच्या नंतर केलेल्या दोन पावत्या, मध्ये प्लायचं पार्टिशन, ही नेहमीची फसगत आहे. दोघांना मिळून पुढे घर एकच मिळतं, आणि ज्याने अर्धी खोली घेतली त्याला ते फार उशिरा कळतं.

इमारत उपकरप्राप्त आहे का आणि कोणत्या वर्गातली, हेही विचारा. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या अ वर्गात, तिथून १९५० अखेरपर्यंतच्या ब वर्गात, त्यापुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या क वर्गात येतात. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडून दुरुस्ती होते ती या इमारतींची. यात नसलेल्या पागडीच्या इमारतीत दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतो.

आणखी दोन गोष्टी लोक विसरतात. खोली कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नसेल तर घरमालक ती मागू शकतो. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावायची ही वस्तू नव्हे. आणि भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेकरूसोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे तो जातो. मुलगा पुण्यात, मुलगी ठाण्यात, तर पुढे काय, याचा विचार आधी करा.

आता लाकडाकडे वळू, कारण खोली टिकणार की नाही ते तिथे ठरतं. या इमारतींत सागवानी खांब आणि तुळया, मध्ये विटांची चुन्यातली जुडाई. तुळई मधोमध क्वचित कुजते. कुजते ती भिंतीत शिरते त्या टोकाला, आणि त्यातही मोरी किंवा सार्वजनिक संडासाच्या बाजूला, कारण पाइपची गळती भिंत पिते आणि ओल लाकडाच्या टोकात मुरते. मागोमाग वाळवी. जाड स्क्रूड्रायव्हर घ्या, भिंतीपासून सहा इंचांच्या आत तुळई ठोका. टणक आवाज आला तर ठीक; भद्द आवाज आला किंवा टोक आत रुतलं तर वरवरचा रंग कितीही ताजा असो, आत भुसा आहे. मग तुळईच्या खालच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणा. १० फुटांच्या लांबीत इंचापेक्षा जास्त झोळ असेल तर 'जुनं लाकूड असतंच तसं' हे उत्तर ऐकून घेऊ नका. खालच्या मजल्यावर टेकू लागलेत का, तेही त्या घरात जाऊन बघा, जिन्यातून नव्हे.

झोळ बहुतेक वेळा वरच्यांनी चढवलेल्या ओझ्याचा असतो. जुन्या फरशीवर चार सेंटिमीटर मसाला आणि वर टाइल्स म्हटलं की दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वाढतात. त्यात प्रत्येक घरात पाण्याचं पिंप, आणि माळा.

नवा माळा काढायचा असेल तर हिशेब असा. १० बाय १० फुटांच्या माळ्याला १०० मिमीचे सी-चॅनल दर दोन फुटांवर आणि १९ मिमी प्लाय. सगळं मिळून ३०० किलोच्या आसपास. ७५ मिमीचा चॅनल तुटत नाही, पण चालताना लचकतो आणि खालच्या छताच्या पट्ट्या उकलतात. मानकाप्रमाणे राहत्या जागेचा भार चौरस मीटरला २०० किलो धरतात, म्हणजे १०० फुटांना १,८५० किलो. हे वजन उतरवायचं कुठे? फॅब्रिकेटर चार कोपऱ्यांत चार पाइप उभे करतो आणि सगळा भार जमिनीच्या फळ्यांवर चार टिंबांत येतो. किंवा चार इंची पार्टिशनच्या भिंतीत ब्रॅकेट ठोकतो, जी मुळात भार घेण्यासाठी नसतेच. भार मुख्य तुळईवर किंवा जाड भिंतीवरच यायला हवा, आणि ती कुठे आहे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने दाखवावं. घरमालकाची लेखी संमती आणि पालिकेची परवानगी आधी. पार्टिशन, ओटा, फॉल्स सीलिंग यांना कायद्यात मोकळीक आहे. त्या यादीत माळा नाही. प्लाय आणि बाहेरच्या भिंतीत अर्धा इंच फट ठेवा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात कड फुगते. गॅसची शेगडी माळ्याच्या शिडीखाली नको. वर झोपलेल्याला उतरायची वाट तीच असते.

३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. अहवाल मागा. सी-१ शेरा म्हणजे इमारत रिकामी करून पाडायची. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळली, ३३ माणसं गेली. अहवाल दाखवायला टाळाटाळ होत असेल तर तिथून निघा.

पुनर्विकासातला फ्लॅट

यात दोन वाटा. पागडीची खोली घेऊन पुनर्विकासाची वाट बघणं, किंवा तयार टॉवरमधला विक्रीचा फ्लॅट घेणं.

पहिल्या वाटेचं आकर्षण समजण्यासारखं आहे. उपकरप्राप्त इमारतींसाठी बांधकाम नियमावलीत असलेल्या ३३(७) च्या योजनेत लहान खोलीलाही किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं, तेही मालकी हक्काने. ५१ टक्के रहिवाशांची संमती पुरते. पण संमती म्हणजे बांधकाम नव्हे. मधल्या काळात ट्रान्झिटचं, म्हणजे तात्पुरत्या घराचं, भाडं बिल्डर देतो, आणि प्रकल्प अडकला की सगळ्यात आधी थांबतं ते हेच भाडं. महारेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचं, संरक्षण मुख्यतः विक्रीच्या फ्लॅटला असतं, पुनर्वसनाची बाजू सहसा त्याबाहेर राहते. म्हणून पर्यायी जागेचा करार नोंदवलेला असावा, त्यात कार्पेट, मजला, भाडं आणि मुदत आकड्यांत लिहिलेली असावी. बीडीडी चाळींत १६० फुटांच्या खोलीला ५०० फूट मिळतात ते सरकारी योजनेत. खासगी मालकाच्या चाळीने तो आकडा डोक्यात धरू नये.

विक्रीचा फ्लॅट महाग, पण सरळ. कर्ज मिळतं. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, महिलेच्या नावावर १ टक्का सवलत, नोंदणी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्यावर ५ टक्के. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत. ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातला दोष दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

मेंटेनन्स मात्र नीट मोजा. फुटाला महिना १५ रुपये धरले तरी ५०० फुटांना ७,५००. लिफ्ट, पंप, यांत्रिक पार्किंग, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च इमारत जुनी होईल तसा चढतोच. पुनर्वसनाच्या विंगला मिळणारा कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठीचा निधी, किती आणि तो सोसायटीच्या खात्यात जमा झालाय का, हे विचारल्याशिवाय त्या विंगमधलं घर घेऊ नका.

गिरणीतला गाळा

१८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या, आणि १९९१ च्या नियमावलीने त्यांच्या जमिनी खुल्या केल्या. काही शेड उभ्या राहिल्या: दातेरी छत, उत्तरेचा उजेड, लोखंडी खांब, १४ फुटांवर उंची. काम करायला सुंदर जागा. राहायला नाही. वापर व्यावसायिक, वीज आणि मालमत्ता कर त्याच दराने, गृहकर्ज नाही, आणि तिथे झोपण्याची व्यवस्था कायद्यात बसत नाही. आवारातले रस्ते अरुंद, बाहेर पडायच्या वाटा सामानाने अडवलेल्या. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमध्ये लागलेल्या आगीत १४ जण गेले. स्टुडिओ, शिकवणी, कार्यालय यांसाठी भाड्याने घ्या, तेही अग्निशमनाचा दाखला पाहून.

मग कोणी काय घ्यावं? पूर्ण रक्कम हाताशी आहे, घरातलं कोणी तरी कायम तिथे राहणार आहे, आणि १० वर्षं पुनर्विकास झाला नाही तरी चालेल, अशांनी पागडी घ्यावी. 'दोन वर्षांत टॉवर होतोय' या वाक्यावर घेणार असाल तर घेऊ नका. कर्जाशिवाय जमत नसेल, किंवा गुडघे धरलेले आईवडील सोबत असतील, तर लिफ्टचा लहान फ्लॅट, भले एक खोली कमी. मनात खात्री नसेल तर त्याच वस्तीत ११ महिने लीव्ह अँड लायसन्सवर राहा. परिसर बदलतोय, मेट्रो ३ गिरगाव आणि काळबादेवीखालून धावते, त्यामुळे लोकलवरचं अवलंबित्व कमी झालं. पण गणपतीच्या दहा दिवसांत लालबागच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही, रुग्णवाहिकाही अडते. हे राहूनच कळतं.

खोली बघायला संध्याकाळी नका जाऊ, एजंट तीच वेळ देतो. पाणी यायच्या वेळेला जा. वरच्या मजल्यावर मोटार न लावता नळाला धार किती आहे, २०० लिटरचं पिंप किती मिनिटांत भरतं आणि संडासासमोर रांग किती, ते उभं राहून बघा. त्याच वेळी पाइप वाहते असतात. भिंतीला हात लावा. ओल असेल तर तेव्हाच हाताला लागते.