डोमेनचा भाव सांगणारं टूल आणि विक्रीचं लिस्टिंग: काही महिने वापरल्यावर

छोट्या व्यापाऱ्यांना वेबसाइट करून देणं हे माझं रोजचं काम. हवं ते डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं नाव, बहुतेक वेळा कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं असतं, आणि मग गिऱ्हाईक विचारतं, याचे किती द्यायचे? त्यासाठी गेल्या दिवाळीपासून तीन गोष्टी सतत वापरतोय. एका रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीचं, फुकट मूल्यांकन टूल, झालेल्या सौद्यांच्या नोंदी ठेवणारं नेमबायो, आणि एका मार्केटप्लेसवरचं, म्हणजे नावं विकायला ठेवतात त्या ऑनलाइन बाजारातलं, लिस्टिंग. लिस्टिंगवर माझी स्वतःचीही काही नावं विकायला आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघायला मिळालं.

आधी टूलबद्दल. नाव टाकलं की डॉलरमधला आकडा लगेच येतो आणि खाली 'अशी नावं एवढ्याला गेली' अशी यादी. इंग्रजी शब्दांच्या डॉट कॉमसाठी ही यादी कामाची आहे. मराठी नाव आलं की टूलचं गणित कोलमडतं. एका डेकोरेशनवाल्यासाठी 'मंडप' असलेलं नाव टाकलं, तर टूलने पहिली तीन रोमन अक्षरं 'मॅन' म्हणून वाचली आणि तुलनेला पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानांची नावं दिली. आकडा मात्र अगदी सुट्या डॉलरपर्यंत नेमका. तो नेमकेपणा बघून लोक विश्वास ठेवतात, याचंच मला वाईट वाटतं. आकडा मी आता बघत नाही, यादी तेवढी बघतो.

खरं शिक्षण झालं ते सांगलीकडच्या एका मसालेवाल्या काकांच्या सौद्यात. आडनाव आणि पुढे 'मसाले', असं डॉट कॉम त्यांना हवं होतं. मालकाने 2,500 डॉलर सांगितले. टूल त्याच्या साधारण निम्मे दाखवत होतं. काका म्हणाले, "अहो, एवढ्यात कांडपाचं नवं मशीन येईल माझ्याकडे." मी टूल बंद केलं आणि त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. या आडनावाचा दुसरा कुणी मसाल्याच्या धंद्यात आहे का? आणि पाकिटांवर वेबसाइटचं नाव छापून झालंय का?

दुसरा कुणी नव्हता. छपाईचे सिलिंडर अजून टाकायचे होते, म्हणजे पाकिटावर कुठलंही नाव घालता येत होतं. एकदा सिलिंडर झाले असते, त्या नावाची पाकिटं दुकानात गेली असती, तर काकांना 2,500 डॉलर मोजावेच लागले असते, कारण नाव बदलायचं तर सगळी छपाई नव्याने. विकणाऱ्यापुढे मात्र काकांशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. नेमबायोवर आडनाव आणि व्यवसाय जोडलेल्या नावांचे सौदे पाहिले, बरेचसे काही शे डॉलरचे. आम्ही 300 वर सुरुवात केली, त्याने नाही म्हटलं, आम्ही गप्प बसलो. तीन आठवड्यांनी त्याचाच मेल आला आणि 500 ला जमलं. पैसे एस्क्रोत, म्हणजे मधल्या तिसऱ्या संस्थेकडे, ठेवले, नाव काकांच्या खात्यावर आल्यावरच त्याला मिळाले. ओळख नसलेल्या माणसाशी दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने हा व्यवहार करू नका.

मोठ्या सौद्यांचंही असंच असतं. फेसबुकने 2010 मध्ये एफबी डॉट कॉम 85 लाख डॉलरला घेतलं, ते अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन या शेतकऱ्यांच्या संघटनेकडून. संघटनेसाठी ती आपल्या नावातली दोन अक्षरं होती, एवढी किंमत होती ती फेसबुकच्या गरजेची. व्हॉइस डॉट कॉम 2019 मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजीने ब्लॉक डॉट वन या कंपनीला 3 कोटी डॉलरला विकलं. असे आकडे वाचून आपल्याकडची पोरं शंभर-शंभर नावं घेऊन ठेवतात, म्हणून विकणाऱ्याचा हिशेब नीट मांडतो.

डॉट कॉमची मूळ नोंद ठेवणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने सप्टेंबर 2024 मध्ये रजिस्ट्रारकडून घ्यायचा दर नावामागे वर्षाला 10.26 डॉलर केला. त्यावर रजिस्ट्रारचा नफा आणि जीएसटी धरला की रिन्यूअल, म्हणजे नाव पुढच्या वर्षासाठी चालू ठेवण्याचा खर्च, हजार-बाराशे रुपयांच्या खाली क्वचितच येतं. शंभर नावं म्हणजे दरवर्षी लाख-सव्वा लाख. धंद्यातले जुने लोक सांगतात की शंभरातली वर्षाला एक किंवा दोन विकली जातात, आणि त्यातून मार्केटप्लेसचं कमिशन जातं. म्हणजे विकलेल्या एका नावाने न विकलेल्या सगळ्यांचं रिन्यूअल भरून काढायला हवं. एका नावाचे लाखभर मागणारा मालक हावरट असतोच असं नाही, हे मला विकायला बसल्यावर पटलं. पहिलं वर्ष स्वस्तात देणाऱ्या ऑफरला मात्र भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर बघूनच घ्या. नव्या एक्स्टेन्शनमधल्या (नावाच्या शेवटी डॉट कॉमऐवजी येणाऱ्या शेपटीतल्या) काही 'प्रीमियम' नावांना दरवर्षी चढाच दर भरावा लागतो.

"मुदत संपू दे, मग घेऊ," असंही काका म्हणाले होते. हे वाटतं तितकं सरळ नाही. डॉट कॉमची मुदत संपली तरी रजिस्ट्रार 45 दिवसांपर्यंत रिन्यूअलची मुभा देऊ शकतो, पुढे 30 दिवस दंड भरून परत मिळवायची सोय, शेवटी 5 दिवस आणि मग नाव मोकळं. त्यातही जरा बरं नाव असेल तर रजिस्ट्रार ते आधीच लिलावात काढतो.

लिस्टिंगवरून आलेल्या चौकशांपैकी काही निव्वळ फसवणूक होत्या. पद्धत ठरलेली. मेल येतो, भाव तुमच्या अपेक्षेपेक्षा चांगला, अट एकच: अमुक ठिकाणचं मूल्यांकन प्रमाणपत्र आणा. त्या प्रमाणपत्राचे पैसे तुम्ही भरलेत की खरेदीदार गायब. खरा घेणारा तुम्हाला प्रमाणपत्र मागत नाही.

कंपन्यांच्या नावांवर पैसे लावणाऱ्यांनाही कळकळीने सांगतो, लावू नका. सत्यम इन्फोवे कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2004 मध्येच डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण दिलंय, आणि डॉट इनच्या तक्रारींसाठी वेगळी लवाद व्यवस्था आहे. 2024 मध्ये दिल्लीच्या एका तरुणाने आधीच घेतलेल्या जिओहॉटस्टार डॉट कॉमच्या बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, तेव्हा त्याला रिलायन्सकडून नकारच मिळाला. घेणारा ते नाव कायद्याने काढून घेऊ शकत असेल, तर तो पैसे कशाला देईल?

देवनागरीतलं डॉट भारत 2014 पासून मिळतं. मला ते मनापासून आवडतं आणि माझ्या कामाचं नाव मी त्यात घेतलंय. पण अजून कितीतरी फॉर्म अशा देवनागरी नावाचा ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत, त्यामुळे पुढे विकण्यासाठी म्हणून घेऊ नका, वापरायला घ्या.

लिस्टिंग मी चालू ठेवतोय, पण डॉट कॉमपुरतंच. डॉट इनमधल्या ज्या नावांना एकही चौकशी आली नाही, ती येत्या रिन्यूअलला सोडून देणार आहे. त्यात तालुक्यांच्या नावांची काही आहेत. तिथल्या कुणाला खरंच वेबसाइट काढायची असेल तर आत्ताच सांगा, रिन्यूअलच्या खर्चात त्यांच्या नावावर करून देतो.