जेल, बेदाणे की मिठाची पेज: अल्ट्रा धावणाऱ्या स्त्रीने वाटेत काय खावे?

यवतेश्वरच्या घाटात पहाटे धावणाऱ्या स्त्रिया ही साताऱ्यात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्यांच्यापैकी काही जणी अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉन मागे टाकून सिंहगड–राजगड–तोरण्याच्या डोंगरवाटेवरील शर्यतीकडे किंवा थेट दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्सकडे वळत आहेत. ४२.१९५ किलोमीटरच्या पुढची प्रत्येक शर्यत अल्ट्रा म्हणवली जाते आणि तिथे पायांइतकीच पोटाचीही कसोटी लागते. स्नायू आणि यकृत यांत साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, बऱ्यापैकी वेगाने धावल्यास दोन तासांच्या आसपास संपत येते. पुढचे पाच, सात किंवा बारा तास वाटेत जे पोटात जाईल आणि पचेल, त्यावर काढावे लागतात. त्यासाठी मुख्यतः तीन मार्ग सुचवले जातात: विकतची जेल (छोट्या पाकिटातला साखरेचा घट्ट पाक) आणि पावडरी, घरचे खाणे, आणि कर्बोदके कमी करून शरीराला चरबीवर धावायला शिकवणे.

निवड करण्यापूर्वी तासाला किती खायचे, हे ठरवायला हवे. प्रचलित सल्ला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकांचा आहे, अडीच-तीन तासांपेक्षा लांब शर्यतीत तो ९० ग्रॅमपर्यंत जातो आणि आघाडीचे काही धावपटू त्याहूनही अधिक घेतात. मर्यादा येते ती आतड्यात. ग्लुकोज शोषण्याची वाट तासाला सुमारे ६० ग्रॅमवर भरून जाते, तर फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने जाते, म्हणून दोन्हींचे मिश्रण असेल तरच ६० च्या पुढे जाता येते. आपली साधी साखर ही निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज असते, त्यामुळे या बाबतीत ती महागड्या पावडरीपेक्षा फारशी मागे नाही.

मात्र समाजमाध्यमांवर पुरुष धावपटूंचे तासाला १०० किंवा १२० ग्रॅमचे आकडे पाहून तेच उचलण्याची जी घाई दिसते, ती मला पटत नाही. सपाट रस्त्यावर धावताना ढोबळमानाने दर किलोमीटरला दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी खर्च होते. ५० किलो वजनाची स्त्री ताशी ८ किलोमीटरने धावत असेल, तर तिचा खर्च तासाला ४०० किलोकॅलरी होतो. त्यातला साठ टक्के भाग कर्बोदकांतून आला असे धरले, तर ती तासाला ६० ग्रॅम कर्बोदके जाळते आणि ६० ग्रॅम खाल्ले तर जवळजवळ सगळा खर्च भरून निघतो. तिने १०० ग्रॅम खाल्ले, तर उरलेले पोटात साचून मळमळ होण्याचीच शक्यता अधिक. तीच स्त्री ताशी १२ किलोमीटरने धावू लागली की खर्च ६०० किलोकॅलरीवर जातो, कर्बोदकांचा वाटाही वाढतो आणि मग ७५ ते ९० ग्रॅमला अर्थ येतो. घाटाच्या चढावर हा हिशेब वर सरकतो, पण तत्त्व तेच राहते: आधी आपले वजन आणि वेग, मग आकडा.

जेल घ्यावे की घरचे, याचे उत्तरही पुष्कळसे वेगातच आहे. गेर्डा स्टेन हिने २०२३ मध्ये कॉम्रेड्स ५ तास ४४ मिनिटांत जिंकली, म्हणजे जवळपास ८८ किलोमीटर ताशी १५ हून अधिक वेगाने. त्या वेगात काही चावून खाणे जवळपास अशक्य असते, कारण श्वासाला तोंड मोकळे लागते आणि रक्त पायांकडे वळलेले असते. याउलट जास्मिन पॅरिस हिने २०१९ मध्ये ब्रिटनमधील सुमारे ४३० किलोमीटरची स्पाइन रेस ८३ तास १२ मिनिटांत स्त्री-पुरुष सर्वांमध्ये पहिली येऊन जिंकली, आणि वाटेतल्या थांब्यांवर ती लहान मुलीसाठी स्वतःचे दूधही काढून ठेवत होती. ताशी पाच किलोमीटरच्या आसपासच्या त्या चालीत खरे जेवण लागते आणि पचतेही. दोघीही जागतिक दर्जाच्या, पण एकीचा आहार दुसरीला चालणार नाही.

जेलची बाजू सरळ आहे. एका पाकिटात २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात, तंतू जवळजवळ नसतात, चावावे लागत नाही आणि हिशेब चुकत नाही. अडचण पैशाची आणि चवीची. सात तास ६० ग्रॅमप्रमाणे ४२० ग्रॅम होतात, म्हणजे २५ ग्रॅमची सतरा पाकिटे. देशी जेल साधारण शंभर रुपयांच्या आसपास मिळते आणि परदेशी त्याच्या दुप्पट-तिप्पट, तर तेवढीच साखर किराणा दुकानात वीस-पंचवीस रुपयांत येते. शिवाय पाच-सहा तासांनंतर गोडाची अशी काही शिसारी बसते की पाकीट फाडण्याच्या विचारानेच पोट ढवळते. चिकट बोटांनी पाण्याची बाटली उघडण्याचा त्रास वेगळा.

घरच्या खाण्यात सगळे पदार्थ सारखे नाहीत, आणि इथेच पुष्कळ जणी फसतात. तासगावचे बेदाणे माझ्या मते या भागातली सर्वांत उत्तम सोय आहे: ३० ग्रॅम बेदाण्यांत जवळपास २४ ग्रॅम कर्बोदके मिळतात, म्हणजे एक जेलच, ते पावसात विरघळत नाहीत आणि छोट्या झिपच्या पिशवीत कमरेच्या पट्ट्यात मावतात. मात्र ते चावावे लागतात आणि त्यांत थोडे तंतू असतात, म्हणून सुरुवातीच्या सपाट टप्प्यात किंवा उतारावर वेग कमी करून खावेत. राजगिऱ्याचा लाडू कागदावर चांगला दिसतो, पण चढावर धाप लागलेली असताना त्याचा भुगा घशात अडकतो आणि दोन घोट पाणी त्यातच खर्च होते. शेंगदाण्याच्या चिक्कीतली चरबी पोट रिकामे व्हायला वेळ लावते. गूळ चालतो, पण पावसाळी हवेत त्याला पाणी सुटते. साताऱ्याचे कंदी पेढे शर्यत संपल्यावर खावेत, वाटेत खव्याच्या वाटेला जाऊ नये.

ज्या शर्यतींत थांबे आहेत आणि सोबत मदतीला माणूस आहे, तिथे मीठ घातलेल्या तांदळाच्या पेजेला तोड नाही. थर्मासमधून कोमट पेज पेल्यात ओतून दिली की ती चावावी लागत नाही, गोड नसते, आणि तिच्यातला पिष्टमय पदार्थ आतड्यात ग्लुकोज होऊन शोषला जातो. उकडलेल्या बटाट्याच्या मिठात घोळलेल्या फोडीही याच कामाच्या. दोन्हींची उणीव एवढीच की वजनाच्या मानाने त्यांतून कर्बोदके कमी मिळतात. १०० ग्रॅम बटाट्यात २० ग्रॅमही नसतात.

पाण्याच्या बाबतीत स्त्रियांनी अधिक जपून राहायला हवे. शरीर लहान, वेग बेताचा आणि प्रत्येक थांब्यावर आग्रहाने पाजले जाणारे साधे पाणी, यांतून रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि हा धोका स्त्रियांमध्ये जास्त आढळला आहे. तहानेप्रमाणे प्यावे, शर्यतीच्या शेवटी वजन वाढलेले आढळले, तर पाणी जास्त झाले हे निश्चित. अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, एक ग्रॅम मीठ आणि लिंबू पिळले की सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असलेले, पचायला सोपे सरबत तयार होते. ते एका तासात संपवून वर एक जेल किंवा ३० ग्रॅम बेदाणे घेतले, तर ५५ ग्रॅमच्या आसपास मजल जाते. साखर-मीठ चमच्याने न मोजता काट्यावर मोजावे. ओआरएसवर मात्र ऊर्जेसाठी विसंबू नये: जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाप्रमाणे केलेल्या एक लिटर द्रावणात ग्लुकोज अवघे १३.५ ग्रॅम असते. ते मिठासाठी आहे.

चरबीवर धावण्याच्या मार्गाबद्दल थोडक्यात सांगता येईल. स्त्रिया सारख्याच तीव्रतेला पुरुषांपेक्षा थोडी अधिक चरबी जाळतात, हे खरे आहे आणि याच आधारावर हा मार्ग त्यांना विकला जातो. पण वेग वाढला की चरबीतून मिळणाऱ्या ऊर्जेला प्राणवायू अधिक लागतो. शिवाय कर्बोदके आणि एकूण खाणे दीर्घकाळ कमी पडले की मासिक पाळी अनियमित होणे, हाडांना बारीक तडे जाणे आणि वारंवार आजारी पडणे सुरू होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ‘रेड-एस’ या नावाने ज्या अवस्थेकडे लक्ष वेधले, ती हीच. स्पर्धात्मक धावणाऱ्या स्त्रीला हा मार्ग मी सुचवणार नाही.

आपल्याकडे हीच उपासमार उपवासाच्या रूपाने नकळत होते. संकष्टी, एकादशी किंवा नवरात्र पाळायचे असेल, तर लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचा सराव, त्या दिवशी ठेवू नये, आणि टाळता येत नसेल तर साबुदाण्याची खीर, रताळे, वरीचा भात आणि साखरेचे सरबत यांवर तो दिवस नीट काढता येतो. निर्जळी उपवास आणि घाटातला सराव यांची सांगड घालू नये.

पाळीच्या चक्राचा विचार दोन ठिकाणी करावा. पाळी येण्याआधीच्या पंधरवड्यात शरीराचे तापमान अर्ध्या अंशापर्यंत वाढलेले राहते, त्यामुळे उकाड्यात सरबत जरा लवकर लागते. पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत पोट सैल होण्याची शक्यता असते, तेव्हा बेदाणे-खजूर कमी करून जेल किंवा पेजेवर भर द्यावा. पोटदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन अल्ट्रा धावणे मूत्रपिंडांवर ताण आणते, त्यामुळे त्याबाबत आधीच डॉक्टरांशी बोलावे. देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप) तपासल्याशिवाय जेलचे हिशेब मांडणे व्यर्थ आहे.

म्हणून पन्नास किलोमीटर पाच तासांच्या आत धावू पाहणारीने सरबत आणि जेल हाच पाया ठेवावा आणि बेदाणे पहिल्या दोन तासांपुरते घ्यावेत. कॉम्रेड्स दहा-अकरा तासांत पूर्ण करणारीला किंवा डोंगरवाटेवर अर्धा दिवस घालवणारीला सरबत, बेदाणे, पेज, बटाटा आणि शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवलेली चार-पाच जेल पुरतात. चाचणीसाठी सातारा–कास–सातारा हा साधारण पन्नास किलोमीटरचा रस्ता सोयीचा आहे, कारण जाताना चढ आणि येताना उतार असल्याने पोट दोन्हींत कसे वागते हे एकाच फेरीत कळते. तासाला ३० ग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला थोडे वाढवावे. काही आठवड्यांच्या सरावाने आतडे अधिक साखर शोषू लागते. जेलचा पूर्ण डबा मागवण्याआधी दोन-तीन चवींची सुटी पाकिटे आणावीत आणि त्यांतले एक तरी चौथ्या तासानंतर खाऊन पाहावे, कारण पहिल्या तासाला आवडलेली चव तेव्हा आवडेलच असे नाही.