वर्डप्रेसवर आमची आंब्याची साइट: एक अख्खा हंगाम वापरल्यानंतर

रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. मागच्या वर्षी जूनमध्ये शेवटची पेटी रवाना झाली, पावसाने कामं थांबवली आणि मी आमची जुनी वेबसाइट उतरवून वर्डप्रेस या साइट बनवायच्या मोफत प्रणालीवर नवी उभी केली. आता जुलै उजाडलाय. मोहोर, पहिली तोड, एप्रिलची झुंबड, मे अखेरचा कॅनिंगचा माल, असं सगळं चक्र या साइटवर फिरून झालं. धंद्यासाठी साइट करायच्या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

जुन्या साइटबद्दल थोडं सांगायलाच हवं. ती एका कंत्राटदाराकडून करून घेतली होती. पान उघडलं की एकामागून एक सरकणारी पाच मोठी छायाचित्रं दिसायची. तीन सेकंदांत मधोमध एक चौकट उघडून नाव-नंबर मागायची. खाली कोपऱ्यात चॅटचा गोळा होता, तो नेमका आमच्या फोनच्या बटणावर बसायचा. भाव कुठेच नव्हता, ‘भावासाठी संपर्क करा’ एवढंच. संपर्काचा नंबर चित्रात छापलेला होता, म्हणजे बोटाने दाबून फोन लागायचा नाही. माझ्या साध्या मोबाइलवर, आमच्या वाडीतल्या रेंजवर, पहिलं छायाचित्र दिसायला सात-आठ सेकंद लागायचे. तपासलं तर ते एकटंच पाच एमबीचं निघालं.

वर, ‘गूगलवर पहिल्या पानावर आणून देतो’ या हमीचे पैसे वेगळे घेतले होते. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः आपल्या मार्गदर्शनात सांगतं, ते मी फार उशिरा वाचलं. त्या कामात मेटा कीवर्ड्समध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये शोधयंत्रांसाठी लिहिलेल्या आणि वाचकाला न दिसणाऱ्या शब्दांत, ‘आंबा, हापूस, बेस्ट आंबा’ अशी पन्नासेक शब्दांची माळ घातली होती. क्रमवारीसाठी गूगल ती माळ पाहत नाही, हे त्यांनी 2009 मध्येच जाहीर केलंय. सगळ्यात जास्त मनस्ताप डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा झाला. ते कंत्राटदाराच्याच नावावर नोंदवलेलं होतं, ते आमच्या नावावर करून घेण्यात दोन महिने गेले. साइट कुणाकडूनही करून घ्या, पण डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि सर्च कन्सोल (गूगल शोधातली आपल्या साइटची माहिती दाखवणारं साधन) ही तीन खाती पहिल्या दिवसापासून स्वतःच्या ईमेलवर ठेवा.

नव्या साइटला वर्डप्रेसबरोबर येणारी ट्वेंटी ट्वेंटी-फोर ही फुकटची थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, घेतली. विकतच्या थीमचे नमुने पाहिले होते. बहुतेकांत तेच सरकते फोटो, तेच उडत येणारे मजकूर. साध्या थीमला मराठीची एक अडचण मात्र आहे. तिच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे मराठी अक्षरं प्रत्येक मोबाइलवर वेगळी दिसतात. वर्डप्रेसच्या 6.5 या आवृत्तीपासून फॉन्ट लायब्ररी आली आहे, तिच्यातून मुक्ता हा फॉन्ट घेतला. तो मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच घाटणीत मिळतात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते आणि प्रत्येक जाडीची फाइल वेगळी, म्हणून मी साधी आणि ठळक या दोनच ठेवल्या. अक्षर एक पायरी मोठं केलं. आमच्याकडून वर्षानुवर्षं आंबा घेणारे बरेच जण साठीच्या पुढचे आहेत.

वेगाबाबत गूगलची मोजमापं समजून घ्यायला मला आठवडा लागला, पण गाभा सोपा आहे. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी. पान उघडताना मजकूर खाली-वर उड्या मारू नये. बटण दाबल्यावर 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा. हे शेवटचं मोजमाप मार्च 2024 पासून लागू आहे. आमच्या बाबतीत दोष बहुतेक छायाचित्रांचा होता. वेबपी या चित्रांच्या हलक्या स्वरूपात आणि योग्य मापात आणल्यावर ते पाच एमबीचं चित्र दीडशे केबीच्या आत आलं. चित्रांची लांबी-रुंदी नोंदवलेली असली की उड्या थांबतात. ती चौकट आणि चॅटचा गोळा दोन्ही काढून टाकले. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनावर आमच्यासारख्या लहान साइटला खऱ्या वापरकर्त्यांची आकडेवारी बऱ्याचदा दिसतच नाही, कारण तेवढी वर्दळ नसते. दिसतो तो प्रयोगशाळेतला, म्हणजे त्या साधनाने स्वतः चाचणी घेऊन दिलेला गुण, आणि तो दर वेळी थोडा बदलतो. 100 पैकी 100 च्या मागे मी काही दिवस घालवले, ते घालवायला नको होते. माझ्या नणंदेच्या जुन्या मोबाइलवर पान झटकन उघडतं का, ही कसोटी मला जास्त कामाची वाटते.

आता मजकुराकडे येते, कारण खरा फरक तिथे पडला.

हंगामात आमच्याकडे फोन सासूबाई घेतात. जुन्या साइटवर ‘दर्जेदार, रसाळ, अस्सल’ असे शब्द भरपूर होते आणि फोनवर लोक यातलं काहीच विचारत नव्हते. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसले होते. पेटीत किती डझन? मोठं फळ पाहिजे तर किती डझनाची घेऊ? कच्चा पाठवता की पिकलेला? घरी किती दिवसांत तयार होईल? फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल का? आई प्रत्येकाला तेवढ्याच शांतपणे सांगायच्या, “अहो ताई, फ्रिजमध्ये नका ठेवू कच्चा. पेंढ्यावर एक थर लावा, देठ वर. रोज सकाळी हात लावून बघा, वास सुटला की समजायचं.” त्या वहीतून साइटची पानं झाली. शब्दही मी शक्यतो त्यांचेच ठेवले.

यातलं एक पान घालायला घरातून विरोध झाला. ते पान साक्याचं. हापूसमध्ये कधी कधी बाठ्याभोवतीचा गर पांढरट, आंबट, स्पंजासारखा निघतो, त्याला आम्ही साका म्हणतो. वरून फळ पिवळंधमक, वास सुंदर, आणि कापलं की हे. बाहेरून ओळखता येत नाही. मी साका असलेलं आमचंच फळ कापून त्याचा फोटो लावला. फळ झाडावर पूर्ण तयार होईपर्यंत ठेवलं किंवा जमिनीच्या धगीत तापलं की साका वाढतो, म्हणून आम्ही चौदा आणे तयार फळ उतरवतो, सकाळच्या गारव्यात, हे लिहिलं. शेवटी, तुमच्या पेटीत साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं भरून देऊ, असं स्पष्ट लिहिलं. ह्यांचं म्हणणं होतं, “आपल्याच मालाचा दोष आपणच कशाला चव्हाट्यावर मांडायचा?” मला पटलं नाही. दोष सगळ्यांच्या हापूसमध्ये निघतो आणि गिऱ्हाइकाला तो सडका आंबा वाटतो.

या हंगामात सर्च कन्सोलमध्ये आमचं सगळ्यात जास्त उघडलेलं पान तेच आहे. फोनवरचा सूरही बदलला. पूर्वी “तुम्ही खराब माल पाठवलात” अशी सुरुवात व्हायची. यंदा पुण्याच्या एका बाईंनी फोटो पाठवून लिहिलं, “वहिनी, हा साकाच ना? तुमच्या पानावर दिसतो तसाच आहे.” तो मेसेज मी ह्यांना दाखवला. पुढच्या दिवशी ह्यांनी स्वतः तोडीचे दोन नवे फोटो काढून आणले.

सर्च कन्सोल फुकट आहे आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं ते सगळ्यात मोलाचं साधन आहे. लोकांनी काय शोधल्यावर आपलं पान दिसलं, किती जणांनी उघडलं, साधारण कितवं होतं, हे त्यात कळतं. माहिती 16 महिने राहते. आमच्यासारख्या वर्षातून एकदा येणाऱ्या धंद्याला हे फार सोयीचं, कारण यंदाचा एप्रिल गेल्या एप्रिलशेजारी ठेवता येतो. जुन्या साइटलाच मी मागच्या वर्षी मार्चमध्ये ते जोडून ठेवलं होतं, ते बरं झालं. त्यातून कळलेली एक गोष्ट म्हणजे लोक मराठीत विचार करतात पण बरेचदा रोमन अक्षरांत टाइप करतात, आणि हापूसचं स्पेलिंग चार तऱ्हेनं करतात. त्या सगळ्या तऱ्हा पानात कोंबायची गरज पडली नाही. मराठी आणि इंग्रजी पानं वेगळी केली, इंग्रजी पान भाषांतरयंत्रातून न काढता स्वतः लिहिलं, आणि दोन्हीकडून लोक येऊ लागले.

एक तांत्रिक खड्डा मराठीत लिहिणाऱ्या सगळ्यांनी टाळावा. वर्डप्रेस पानाच्या शीर्षकावरून त्याचा वेबपत्ता बनवतं आणि त्या पत्त्याला 200 अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, पत्त्यात नऊ अक्षरं खातं. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं मावतात. माझं शीर्षक होतं ‘आंबा आढीत कसा पिकवायचा आणि किती दिवस लागतात’. पत्ता ‘आण’ वर तुटला, ‘णि’ची वेलांटीसुद्धा मावली नाही. व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग दिसायची आणि लोकांना तो फसवा दुवा वाटायचा. मग मी सगळ्या पानांना रोमन लिपीत छोटे पत्ते दिले. तिथे दुसरा धडा मिळाला. ब्लॉगच्या नोंदीचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेतं, पण ‘पान’ म्हणून केलेल्याची ती सोय नाही. दोन दिवस जुने दुवे बंद होते. पत्ते आधीच ठरवून मग पान प्रसिद्ध करा.

दुसरी मोठी चूक जुन्या साइटवर दर वर्षी व्हायची. हंगाम संपला की विक्रीचं पान काढून टाकायचं आणि पुढच्या वर्षी नवं करायचं. म्हणजे गूगलला दर मार्चला अनोळखी पान. आता पान एकच आहे. जूनमध्ये त्यावर ‘हंगाम संपला, पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवा’ असं येतं, मार्चमध्ये भाव येतो. भाव रोज सकाळी मी स्वतः बदलते, तारखेसह. मार्चमधला चढा भाव पाहून काही जण परत जातात, पण तेच मेमध्ये परत येतात.

तक्रारीही आहेत. एप्रिलच्या ऐन गर्दीत एका प्लगइनचं (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचं) अपडेट आलं आणि ऑर्डरचा फॉर्म बंद पडला. फोन येईपर्यंत अर्धा दिवस मला कळलंच नाही. बॅकअप होता म्हणून संध्याकाळी गाडी रुळावर आली. आता हंगामात रात्री बॅकअप घेतल्याशिवाय काही अपडेट करत नाही आणि प्लगइन सहाच ठेवलेत. डॅशबोर्डवर प्रत्येक प्लगइन आपली जाहिरात करत असतं, त्याचा वैताग येतो. प्रश्नोत्तरांचा स्कीमा, म्हणजे ही प्रश्नोत्तरं आहेत असं गूगलला सांगणारी कोडमधली खूण, घातला की शोधात उत्तरं उठून दिसतात, या सल्ल्यापायी एक प्लगइन विकतही घेतलं होतं. गूगलने 2023 मध्येच ती सोय सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइटपुरती मर्यादित केली होती, तेव्हा ते पैसे फुकट गेले.

आणि हो, वेळ लागतो. जूनमध्ये साइट केली, दिवाळीपर्यंत हालचाल अगदी थोडी होती. डिसेंबरनंतर आढीचं आणि साक्याचं पान हळूहळू वर सरकलं. ‘हापूस आंबा’ एवढ्याच शब्दांवर आम्ही अजून कुठेच नाही, तिथे मोठे व्यापारी आहेत. पण ज्याला आमच्या भागातल्या बागेतून थेट पेटी हवी आहे, त्याला आता आम्ही सापडतो.

सध्या पावसाळी माल लावायचं चाललंय. आईंना आगळ आणि कोकम सरबत यातला फरक विचारणारे फोन येतात, वही परत काढली आहे. पहिल्या पानावर आईंनी सांगितलंय ते असं: “आगळात साखर नसते, नुसता रस आणि मीठ. सोलकढीला तेच लागतं.”