क्लासिक मिनी कारसाठी ५२ मिमी इलेक्ट्रॉनिक गेजचा संच: दिसायला झकास, जोडताना सावध

डायल जुन्या स्मिथ्सच्या (गेज बनवणारी ब्रिटिश कंपनी) वळणाचे आहेत, क्रोम रिंगही शोभते. पण पेट्रोल आणि तापमानाचे गेज जुन्याच वायरींवर लावले, तर काटे थरथरतील.

कारण आहे व्होल्टेज स्टॅबिलायझर. मूळ बायमेटल गेजना (यांत दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि काटा हलवते) तो सरासरी १० व्होल्ट देतो, तेही चालू-बंद होत. नव्या गेजना थेट १२ व्होल्ट हवेत, म्हणून इग्निशनवरून फ्यूजसह वेगळी वायर ओढा. (उलट, मूळचेच दोन्ही गेज एकदम जास्त दाखवत असतील, तर गेज बदलण्याआधी स्टॅबिलायझरच्या डब्याचं अर्थिंग (गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी) घासून बघा. बऱ्याचदा पैसे वाचतात.)

सेंडर (टाकीतली पातळी किंवा इंजिनाचं तापमान गेजला कळवणारा सेन्सर) गेजच्या जोडीनेच बदला. मूळ सेंडरचा रोध टाकी भरली की कमी आणि रिकामी झाली की जास्त होतो. अनेक नव्या गेजचं गणित नेमकं उलटं. मल्टिमीटरने आधी मोजाच. संचातला तापमानाचा सेंडर ठीक आहे, पण त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळली, तर अर्थिंग तुटतं आणि काटा हलतच नाही.

१९६९ पर्यंतच्या बहुतेक मिनी पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. तिथे हा संच सरळ जोडला की जळालाच! माहितीपत्रकात याबद्दल चकार शब्द नाही, ही मोठी उणीव.

काम सुरू करण्याआधी बॅटरी काढा. मागचे क्लॅम्प हातानेच आवळा, पान्याने काच तडकते.