एसएसडी नवी, रिबन केबल जुनीच: सात महिन्यांनंतरचा अनुभव

चौथ्या पिढीच्या आय-५ लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क काढून ४८० जीबीची साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) बसवली आणि ४ जीबी रॅमच्या जोडीला ८ जीबीची पट्टी लावली, त्याला आता सात महिने झाले. पहिल्या महिन्यात याला पाचपैकी पाच गुण होते. चौथ्या महिन्यात एसएसडीच खराब निघाली असं वाटायला लागलं. दोष तिचा नव्हताच.

वेगाबद्दल फार लिहायला नको. हजारो बारीक फाइली वाचताना हार्ड डिस्कचा हेड सारखा इकडून तिकडे फिरत राहतो, ते थांबलं की मशीन नवं वाटतंच. रॅम घेताना एकच बघा: या पिढीला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ लावली तर बहुतेक वेळा स्क्रीन काळीच राहते.

आता मूळ दुखणं. चौथ्या महिन्यात मशीन मधेच अडकायला लागलं. माउस हलायचा, पण काहीच उघडायचं नाही, आणि अर्ध्या मिनिटाने सगळं एकदम उघडायचं. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याच वेळेला १२९ क्रमांकाची नोंद, म्हणजे ड्राइव्हकडून उत्तर आलं नाही म्हणून विंडोजने रीसेट पाठवला. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिची तब्येत ९९ टक्के, पण सी७ या ओळीतला सीआरसी एररचा (पाठवलेला आणि पोचलेला डेटा न जुळल्याचा) आकडा रोज वाढत होता. ही ओळ फार महत्त्वाची आहे. सी७ वाढतोय आणि बाकी सगळं ठीक आहे, तर डेटा चिपवर शाबूत असतो, तो वाटेत बिघडतो. आणि वाट म्हणजे ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणारी ती कागदासारखी पातळ रिबन केबल.

जुनी हार्ड डिस्क ३ जीबीपीएसवर (सेकंदाला ३ गिगाबिट) चालत होती, एसएसडी ६ वर चालते. दहा वर्षं एकाच जागी दुमडलेल्या केबलला जुना वेग झेपत होता, दुप्पट झेपला नाही. त्यात आणखी एक चूक नडली. हार्ड डिस्क ९.५ मिमी जाड होती, एसएसडी ७ मिमी. मधली अडीच मिमीची प्लॅस्टिक चौकट लावलीच नव्हती, त्यामुळे लॅपटॉप उचलला की ड्राइव्ह हलायची आणि ताण कनेक्टरवर यायचा.

खात्री करायची असेल तर एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून २०-३० जीबी डेटा कॉपी करा. तिथे अडकली नाही आणि सी७ही वाढला नाही, तर केबलच बदला. नवी मागवताना लॅपटॉपच्या मॉडेलवर जाऊ नका, जुन्या केबलवर छापलेला पार्ट नंबर द्या. एकाच मॉडेलमध्ये दोन लांबीच्या केबल असू शकतात.

बदलताना आधी बॅटरीचा कनेक्टर काढा आणि पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. मदरबोर्डवरच्या सॉकेटला बारीक काळी पट्टी असते, तेच लॉक. ते नखाने हळूच वर उचलायचं, मग केबल आपोआप सैल होते. लॉक न उघडता केबल ओढली तर ते तुटतं, आणि मग सोल्डरिंगशिवाय इलाज नाही. नवी केबल सरळ, शेवटपर्यंत आत सरकवा. तिरकी गेली तर ड्राइव्ह दिसतच नाही. लॉक दाबून बसवा आणि चौकट विसरू नका.

केबल बदलूनही सी७चा जुना आकडा शून्यावर येत नाही, त्याने घाबरू नका. इथे तो २१४ वर थांबला आणि दोन महिने तिथेच आहे. १२९ची नोंदही पुन्हा आलेली नाही.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे आता यावर लिनक्स मिंट आहे. तिथे हाच आकडा बघायला टर्मिनलमध्ये स्मार्टसीटीएल ही कमांड वापरा, १९९ क्रमांकाची ओळ शोधा. दहा वर्षं जुन्या मशीनमध्ये एसएसडी टाकणार असाल तर त्याच वेळी केबलही मागवा, म्हणजे मागचं झाकण दोनदा उघडावं लागणार नाही. त्याचे प्लॅस्टिकचे खटके दुसऱ्या खेपेला हमखास तुटतात.