दोन इंची नळी आणि पाच काडतुसं: ३८ स्पेशलसाठी कोणती गोळी घ्यावी?

माझ्या धाकट्या जावेला न्यू जर्सीत हत्यार बाळगण्याचा परवाना मिळाला. रिव्हॉल्व्हर निवडताना तिने चार दुकानं पालथी घातली होती. काडतुसांची वेळ आली तेव्हा मात्र दुकानदाराने फळीवरची एक डबी काढली आणि "सगळे हीच नेतात" एवढंच सांगितलं. तिने तिथूनच फोन लावला, "ताई, तुम्ही कुठली वापरता?" मी म्हटलं, ती डबी आहे तिथेच ठेव आणि आधी घरी ये. त्या गोळ्या पोकळ टोकाच्या होत्या. आपल्या राज्यात परवाना असला तरी त्या भरून बाहेर फिरणं गुन्हा आहे.

आम्हा दोघींकडे हत्यार एकाच प्रकारचं, स्मिथ अँड वेसनचं ६४२. पाच काडतुसं, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, घोडा आत झाकलेला, नळी १.८७५ इंच, वजन चारशे ग्रॅमच्या थोडं वर. रुगरचं एलसीआर किंवा त्याच बांध्याचं दुसरं काही तुमच्याकडे असेल तरी पुढचं सगळं लागू पडेल.

एक गोष्ट आधी सांगते, कारण आपल्या मंडळींमध्ये याबद्दल फार गैरसमज आहेत. एच-वन किंवा एफ-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर काही करण्याआधी वकील गाठा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर पुढे वाचा.

आता मूळ अडचण. ३८ स्पेशल हे काडतूस १८९८ सालचं, लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरसाठी केलेलं. गोळी शिशाची, गोल टोकाची, १५८ ग्रेन म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास. आजही डबीवर छापलेला वेग बहुधा चार इंची चाचणी-नळीतला असतो. आपल्या नळीत दारूच्या वायूला गोळी ढकलायला निम्मीच वाट मिळते आणि सेकंदाला शंभर-एक फुटांचा वेग सहज गळतो. पोकळ टोकाच्या गोळीचं सगळं गणित वेगावर असतं. टोकाच्या खळग्यात ओलं काही जोराने घुसलं तरच कडा बाहेर वळतात आणि गोळी फुलते. वेग कमी पडला किंवा खळग्यात कपड्याचा बोळा बसला, तर ती साध्या गोळीसारखी सरळ निघून जाते. उलट फार लवकर फुलली तर वाटेतच अडकते.

वाटेत अडकणं किती महागात पडतं ते ११ एप्रिल १९८६ ला मायामीत दिसलं. एफबीआयच्या एका अधिकाऱ्याची ९ मिलिमीटरची गोळी हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. तो माणूस त्यानंतरही लढत राहिला आणि त्या चकमकीत दोन अधिकारी गेले. त्यातून एफबीआयची चाचणीपद्धत तयार झाली. दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा ४ अंश सेल्सिअसवर ठेवायचा आणि गोळी त्यात किमान १२ इंच, जास्तीत जास्त १८ इंच गेली पाहिजे. छाती काही बारा इंच खोल नसते. पण माणूस तिरका उभा असतो, हात मध्ये येतो, थंडीत अंगावर जाड कोट असतो. खासगी चाचण्यांत म्हणूनच ठोकळ्यापुढे डेनिमचे चार पदर लावतात. आधी १२ इंच, मग फुलणं, असा क्रम मी धरते. हातातल्या छोट्या हत्याराची गोळी माणसाला मागे फेकत नाही. ती काय करते ते ती कुठे लागली आणि किती खोल गेली यावर ठरतं.

चार काडतुसं तिच्यासमोर टेबलावर मांडली.

पहिलं स्पीअरचं गोल्ड डॉट, १३५ ग्रेन, प्लस पी (म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं), डबीवर 'शॉर्ट बॅरल' लिहिलेलं. दोन इंची नळी डोळ्यांसमोर ठेवूनच ते घडवलंय. डबीवरचा सेकंदाला ८६० फूट हा वेगही तोकड्या नळीतला आहे, म्हणजे आपल्याला मिळतो तोच. खळगा रुंद आहे आणि तांब्याचं आवरण शिशाला पक्कं चिकटवलेलं असल्याने फुलताना सुटं होत नाही. चाचण्यांत ते १२ इंचांच्या आसपास जातं आणि बहुतेक वेळा फुलतं. न्यू यॉर्कच्या पोलिसांनी छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी हेच घेतलं होतं. पोकळ टोकांत माझा सर्वांत जास्त विश्वास यावर आहे. किंमत मोजावी लागते ती मनगटाला. साध्या ३८ स्पेशलच्या दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), प्लस पीची २०,०००. चारशे ग्रॅमच्या हत्यारात हा फरक अंगठ्याच्या मुळाशी जाणवतो.

दुसरं फेडरलचं एचएसटी मायक्रो, १३० ग्रेन, हेही प्लस पी. पाहताक्षणी काडतूस रिकामं वाटतं, कारण गोळी पुंगळीत तोंडापर्यंत बुडवलेली आहे आणि वरून फक्त एक खोल खड्डा दिसतो. फुलते ती चौघांत सर्वांत मोठी. त्या बदल्यात खोली काठावरची, कधी १२ च्या जरा पुढे तर कधी जरा मागे. आणि टोक बाहेर नसल्याने स्पीडलोडरने, म्हणजे पाचही काडतुसं एकदम भरणाऱ्या चकतीने, भरताना ती सिलिंडरच्या भोकांच्या कडेवर अडखळते.

तिसरं हॉर्नडीचं क्रिटिकल डिफेन्स, ११० ग्रेन, साध्या दाबाचं. खळग्यात लाल रंगाची लवचीक भर असते, त्यामुळे आत कापड गच्च बसत नाही. टोक निमुळतं असल्याने भरायला सोपं. छापलेला १,०१० फुटांचा वेग चार इंची नळीतला, तेव्हा आपल्याकडे तो नऊशेच्या घरात धरा. खोली बरी मिळते, पण तोकड्या नळीतून डेनिममागे फुलणं बेभरवशाचं. पाचांतल्या दोन-तीन फुलतात, बाकीच्या अर्धवट राहतात. न फुललेली गोळी जास्त खोल जाते, म्हणून ती वाया गेली असं मी म्हणत नाही. धक्का मात्र प्लस पीपेक्षा निश्चित सुसह्य.

चौथ्याला जाऊ हसली, "ही तर स्पर्धेची गोळी!" वॅडकटर, १४८ ग्रेन. शिशाचा सपाट दंडगोल, वेग जेमतेम सातशे फूट. कागदी निशाण्यावर ऑफिसातल्या पंचिंग मशीनने पाडावं तसं स्वच्छ गोल भोक पाडते, त्यासाठीच तिचा जन्म झाला. ती फुलत नाही आणि फुलायचं वचनही देत नाही. पण सपाट तोंडामुळे गोल टोकाच्या गोळीसारखी पेशी बाजूला सारत न जाता कापत जाते, डेनिम असो वा नसो १५ इंच किंवा जास्त खोली देते, आणि धक्का इतका कमी की दुसरा नेम लगेच धरता येतो. डबीत पन्नास असतात. गोल्ड डॉट आणि एचएसटी वीसच्या डबीत, क्रिटिकल डिफेन्स पंचवीसच्या. सरावाला आणि बाळगायला एकच काडतूस वापरणं त्यामुळे परवडतं. भरण्याची अडचण एचएसटीसारखीच, किंबहुना थोडी जास्त.

जुनं 'एफबीआय लोड', म्हणजे मऊ शिशाची पोकळ टोकाची १५८ ग्रेन प्लस पी, मी मुद्दाम टेबलावर ठेवलं नाही. पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये ते आजही उत्तम आहे. हलक्या सांगाड्यात मात्र धक्क्याने सगळं हत्यार झटकन मागे येतं आणि पुंगळीतली जड गोळी जडत्वाने पुढे सरकते. एका कंपनीच्या अशाच शिशाच्या गोळ्यांनी माझं सिलिंडर रेंजवर चौथ्या गोळीनंतर ठप्प झालं होतं. पाचव्या काडतुसातून गोळी बाहेर आली आणि सांगाड्यावर टेकली. चाप ओढला तर हलेचना. निशाणा कागदाचा होता म्हणून निभावलं.

आता कायदा. न्यू जर्सीच्या कायद्यात 'पोकळ टोकाची किंवा डमडम गोळी' असेच शब्द आहेत. हा डमडम म्हणजे आपल्या कोलकात्याचा, विमानतळाशेजारचा. १८९० च्या दशकात तिथल्या ब्रिटिश शस्त्रागारात फुलणारी रायफलची गोळी तयार झाली आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात तिच्यावर बंदी आली. गावाचं नाव मात्र एडिसन आणि जर्सी सिटीत राहणाऱ्यांना लागू होणाऱ्या कायद्यात जाऊन बसलं. या राज्यात अशी गोळी घरात ठेवता येते, दुकानातून घरी आणता येते, नियम पाळून रेंजवर नेता येते. भरलेल्या हत्यारात घेऊन रस्त्यावर फिरता येत नाही, मग बाळगण्याचा परवाना असो वा नसो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर परवाने मिळू लागले, ही अट तशीच राहिली. टोकात पॉलिमर भरलेल्या क्रिटिकल डिफेन्सला राज्य पोलीस पोकळ टोकाची मानत नाहीत, आणि वॅडकटरचा तर प्रश्नच येत नाही. म्हणजे बाहेरसाठी चारांतली दोनच उरली. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्यांना ही अडचण नाही, पण नदी ओलांडून इकडे येताना हे ध्यानात ठेवा.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: भारतात ३८ हा सर्वसाधारण परवान्याबाहेरचा बोअर आहे. तिथे कानपूरच्या २०१४ च्या 'निर्भीक'सारखी ३२ बोअरची रिव्हॉल्व्हर चालतात आणि काडतुसांत एवढी निवडच नसते. खालच्या तपासण्या मात्र तिथेही कामाच्या.

डबीवरचं काहीही मानण्याआधी स्वतःच्या हत्यारात तपासा. सिलिंडर पूर्ण भरा, त्यातल्या एका काडतुसावर स्केचपेनने खूण करा आणि व्हर्नियरने त्याची लांबी मोजा. बाकीची चार झाडा, खुणेचं काढून परत मोजा. तेच काडतूस पुन्हा भरून आणखी चार झाडा आणि तिसऱ्यांदा मोजा. लांबी वाढत असेल तर ते काडतूस तुमच्या हत्याराचं नाही. मग सात यार्डांवर कागद लावून पाच गोळ्या सावकाश झाडा. या हत्याराचा नेम घट्ट बसवलेला असतो, हलवता येत नाही. हलकी, वेगवान गोळी साधारणपणे खाली लागते आणि जड, सावकाश गोळी वर. माझ्याकडे ११० ग्रेनची आणि वॅडकटर यांच्यात दोन बोटांचं अंतर पडतं. त्यानंतर पाच गोळ्या भरभर. तळहाताएवढ्या जागेत किती राहिल्या ते मोजा. शेवटी रिकाम्या पुंगळ्या एका फटक्यात बाहेर पडतात का पाहा, कारण या हत्याराची ढकलकाडी तोकडी असते आणि जास्त दाबाने फुगलेल्या पुंगळ्या अर्ध्यावर चिकटतात.

घरगुती चाचणी करायची तर दुधाचे गॅलनचे डबे पाण्याने काठोकाठ भरून एकामागे एक लावा आणि पुढे जुन्या जीन्सचे चार पदर. हे घरामागच्या अंगणात अजिबात नको, परवानगी असलेल्या उघड्या रेंजवरच. पाण्यात गोळी जिलेटिनपेक्षा सहज फुलते आणि बरीच पुढे जाते, त्यामुळे खोलीचा आकडा धरू नका. उपयोग एवढाच की जी पाण्यातही फुलली नाही तिच्याकडून पुढे अपेक्षा ठेवू नये. मी केली तेव्हा एका गोळीच्या खळग्यात निळ्या धाग्यांची गच्च गुंडाळी बसलेली सापडली, टाचणीने उकरून काढावी लागली. ती गोळी नवीन असल्यासारखी दिसत होती. इंटरनेटवरच्या चाचण्यांत बऱ्याचदा पारदर्शक कृत्रिम जेल असतं. त्यातले आकडे आपापसांत ताडून पाहा, खऱ्या जिलेटिनशी नको.

आणि भिंतींचं विसरू नका. इथल्या घरांत खोल्यांमधल्या भिंती म्हणजे शीटरॉकचे, म्हणजे जिप्समचे, दोन पत्रे. बारा इंच जाणारी कुठलीही गोळी, चारांपैकी कुठलीही, त्यातून पलीकडे जाते. टाउनहाउसमध्ये पलीकडे शेजाऱ्यांची मुलं झोपलेली असतात. घरात कुठल्या दिशेला गोळी झाडायचीच नाही ते आधी ठरवून ठेवा.

माझं मत असं. घरात हत्यार पोलादी किंवा जड असेल आणि हाताला प्लस पी झेपत असेल, तर गोल्ड डॉट. एचएसटी मायक्रो तिच्या खाली, खोलीमुळे. न्यू जर्सीत बाहेर बाळगायला, हात मजबूत असेल आणि भरण्याचा वेग हवा असेल तर क्रिटिकल डिफेन्स. हलकं हत्यार, दुखरा अंगठा किंवा महिन्यातून एकदाच रेंजवर जाणं होत असेल, तर नि:शंक वॅडकटर. पुन्हा भरायला मात्र दोन-तीन निमुळत्या टोकाची काडतुसं ती अडकवायच्या पट्टीत वेगळी ठेवा.

जावेला मी रेंजवर नेलं आणि चारही प्रकार पाच-पाच दिले. प्लस पीच्या पाचांतल्या दोन कागदाच्या बाहेर गेल्या. तिसऱ्या गोळीला तिने आधीच डोळे मिटून घेतलेले मी पाहिले. क्रिटिकल डिफेन्सच्या चार बशीएवढ्या जागेत, एक खाली. वॅडकटरच्या पाचही तिच्या तळहाताखाली झाकल्या गेल्या. तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दुकानातून पन्नासच्या दोन डब्या घेतल्या. एकीवर मार्करने 'सराव' लिहिलं, दुसरीवर खरेदीची तारीख.