रत्नागिरीत दोन रंगांचं स्क्रीन प्रिंटिंग: आंब्याचे खोके छापणाऱ्या काकांकडचा अनुभव

ज्यांना स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापणं, स्वतःच्या हाताने करून बघायचंय आणि त्यासाठी मुंबई-पुण्याच्या वर्कशॉपला जायचा विचार चाललाय त्यांनी आधी रत्नागिरीतल्या या दुकानात जाऊन या, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. काकांना जाहिरात नकोय म्हणून नाव टाकत नाही, बाजारपेठेत आंब्याचे खोके छापणारे कुठे असं विचारा, सांगतील.

मी सावर्ड्याला आर्ट शिकते, घर रत्नागिरीत, त्यामुळे सुट्टीत निवांत जाता आलं. काकांचं रोजचं काम म्हणजे खोके, काजूच्या पिशव्या, लग्नपत्रिका आणि क्रिकेट टुर्नामेंटचे टीशर्ट. तिथे आर्टवाल्यांनी काय शिकायचं असं वाटेल, पण केशरी आंबा आणि त्याचं हिरवं पान शेकड्याने खोक्यांवर जागच्या जागी बसवायचं हे सगळं रजिस्ट्रेशनचंच, म्हणजे एका रंगाशी दुसरा नेमका जुळवण्याचंच काम आहे, आणि दोन रंगांत खरी मेहनत तिथेच असते, शाई ओढणं त्यामानाने लवकर जमतं.

माझं डिझाइन मिरकरवाडा जेटीचं होतं, पिवळं आकाश, निळं पाणी आणि होड्या, आणि मागचे माड हिरवे, पण हिरवी शाई वापरायचीच नाही, पिवळ्यावर निळा चढवूनच हिरवा काढायचा. त्यासाठी शाई पारदर्शक लागते. काकांकडची नेहमीची शाई झाकणारी, खोक्याच्या तपकिरी पुठ्ठ्यावर तीच लागते, ती निळी पिवळ्यावर मारली तर नुसता निळाच दिसतो. मी ट्रान्सपरंट बेसबद्दल (शाईत मिसळून ती पारदर्शक करायचा पदार्थ) विचारल्यावर काकांनी कुठूनतरी डबा शोधून काढला आणि आधी कागदाच्या कपट्यांवर वेगवेगळं प्रमाण मिसळून बघायला लावलं. हे मला फार आवडलं, कुठेही घाई नाही.

ट्रेसिंग पेपरवर दोन पॉझिटिव्ह (दर रंगाची वेगळी, काळ्यात काढलेली, कडेला जुळवणीचे क्रॉस असलेली) घेऊन गेलात की बाकी सगळं तिथे होतं. जाळीवर इमल्शन (उजेडाने कडक होणारा लेप) लावणं पिवळ्या दिव्यात, मग पॉझिटिव्ह ठेवून ट्यूबच्या पेटीवर एक्स्पोज म्हणजे उजेड देणं, मग पाण्याने धुणं, जिथे उजेड पोचला तिथलं इमल्शन कडक होऊन राहतं आणि काळ्या भागाखालचं धुऊन जातं. मेश म्हणजे जाळी कागदासाठी ७७ ते १२० च्या मधली, कापडाला ४३ च्या आसपास, हे आकडे सेंटीमीटरमागे धागे किती त्याचे. इमल्शनमधे बायक्रोमेट असतं, ते क्रोमियमचं आणि चांगलंच विषारी, त्यामुळे ग्लव्हज घरून न्याच, दुकानात आहेत ते फाटके आहेत.

आता रजिस्ट्रेशन. रंग हलका आधी, गडद मागनं. जिथे पिवळा आणि निळा शेजारी येतात तिथे पिवळा साधारण अर्धा मिलीमीटर निळ्याच्या खाली घुसवायचा म्हणजे मधे पांढरी रेघ दिसत नाही. कागदाच्या लांब बाजूला दोन आणि आखूड बाजूला एक असे पुठ्ठ्याचे तीन अडसर टेबलावर चिकटवायचे, प्रत्येक कागद त्यांनाच टेकवायचा. फ्रेमच्या कोपऱ्यांखालीही पुठ्ठे, म्हणजे कागद आणि जाळीत दोन-तीन मिलीमीटर फट राहते आणि स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) पुढे गेली की जाळी मागून पटकन सुटते, कडा स्वच्छ येते. दुसऱ्या रंगाला काकांनी एक जाड पारदर्शक फिल्म टेबलाच्या एका कडेला टेपने बिजागरीसारखी लावली, निळ्याची पहिली छाप त्या फिल्मवरच मारली आणि पिवळा छापलेला कागद तिच्याखाली हळूहळू सरकवत नेला, दोन्ही क्रॉस एकावर एक आले की तिथेच अडसर पक्के करायचे आणि फिल्म उलटून बाजूला करायची. इतकी साधी युक्ती आणि इतकी अचूक, मी तर बघतच राहिले.

पण आपल्या किनाऱ्यावरची हवा! काकांनी मुद्दाम काही कागद पिवळा मारून रात्रभर उघडे ठेवले होते, सकाळी त्यावर निळ्याची पॉझिटिव्ह धरून दाखवली, डावीकडचा क्रॉस तंतोतंत जुळला आणि उजवीकडचा केसभर बाहेर. कागद दमट हवेने फुगला होता आणि तोही एकाच दिशेला जास्त, कारण कागदाचे तंतू आडवे फुगतात, लांबीत फारसे नाही. अशा वेळी कागद कितीही सरकवा, एक टोक जुळलं की दुसरं सुटतं. "कागद आदल्या रात्रीपासून ह्याच खोलीत टांगून ठेव गो, आणि दोन्ही रंग एकाच दिवशी मार," हे त्यांचं उत्तर. छापून वाळलेले कागद प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवायचे ते वेगळंच. सगळे कागद एकाच दिशेने कापलेले हवेत हेही त्यांनीच सांगितलं. तसं केल्यावर माझे बहुतेक प्रिंट नीट बसले, आणि माडांचा हिरवा असा काही आलाय की डब्यातल्या हिरव्याने तो कधीच आला नसता.

स्क्रीन वाळवायला त्यांच्याकडे जुनं लाकडी कपाट आहे, आत पंखा आणि अगदी मंद हीटर. इमल्शन आतून ओलं राहिलं तर एक्स्पोज करूनही कडक होत नाही आणि धुताना बारीक रेघा निघून जातात, म्हणून पावसाळ्यात हे कपाट नसेल तर काम होणंच कठीण आहे. ऑनलाइन किट मागवणाऱ्यांनी हा विचार जरूर करा, शिवाय बायक्रोमेट एकदा मिसळलं की ते इमल्शन फार टिकत नाही.

अर्धा गुण कापला तो हवेसाठी. सगळी शाई सॉल्व्हंटची, धुवायला थिनर, आणि एक्झॉस्ट फॅन नाही, दुपारी दार लावलं की डोकं चढतं. काकांना मी सांगितलंय, विद्यार्थी येणार असतील तर फॅन बसवायलाच हवा. पाण्याची शाई त्यांच्याकडे नाही, हवी असेल तर आपली न्यावी लागेल, पण तिने पातळ कागद सुरकुततो तेव्हा कागद जाड निवडा.

दोन स्क्रीन, शाई, एक्स्पोजर आणि टेबल सगळं मिळून माझ्याकडून १२०० रुपये घेतले, कागद माझा. शिकवण्याचे वेगळे काही घेतले नाहीत, मला ते बरोबर वाटत नाही, त्यांनी घ्यायला हवेत आणि आपण द्यायला हवेत. मार्च ते मे आंब्याच्या खोक्यांमुळे त्यांना मान वर करायला वेळ नसतो आणि गणपतीच्या आधी टीशर्टांची गर्दी, त्यामुळे दिवाळीनंतर जा, हवाही तेव्हा कोरडी असते. आधी जाऊन डिझाइन दाखवून या, फार बारीक रेघा असतील तर ते तिथेच सांगतात.